प्रोजेक्ट ४२.१९५

मॅरेथॉनचा फॉर्म भरणं हे पाच मिनिटांचं काम. पुढचे पाच महिने मात्र ऑफिस, लोकल, सणवार आणि स्वतःच्या गुडघ्यांशी वाटाघाटी करण्यात जातात. नेटवरचा रेडिमेड प्लॅन डाउनलोड करून फ्रिजवर चिकटवण्याआधी हे वाचा. कारण तो प्लॅन ज्याच्यासाठी लिहिलाय, तो माणूस बहुधा सव्वाआठची लोकल पकडत नाही!

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारनंतरचा सोमवार. मुंबईतल्या बऱ्याच ऑफिसांत त्या दिवशी एक तरी महाभाग जिना आडवा होऊन, कठडा घट्ट धरून उतरताना दिसतो. पाय लंगडतायत, पण चेहऱ्यावर लग्न ठरल्यासारखं हसू! लंचला त्याच्याभोवती कोंडाळं जमतं, मेडल हातोहात फिरतं, फोटो निघतात. आणि त्या कोंडाळ्यातलं कुणीतरी मनातल्या मनात ठरवून टाकतं... पुढच्या वर्षी आपण!

ते ‘कुणीतरी’ तुम्हीच असाल, तर आधी अभिनंदन. मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली फेब्रुवारी २००४मध्ये. त्या वेळी ‘मॅरेथॉनला गेलो होतो’ म्हणजे बहुतेकांच्या लेखी ‘ड्रीम रन’मध्ये हात हलवत चालून आलो, इतकंच असायचं. आज फुल आणि हाफमधला फरक ऑफिसच्या पँट्रीतही सगळ्यांना ठाऊक असतो. फुल म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हा विचित्र आकडा १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधल्या मार्गाचा; १९२१मध्ये तोच अधिकृत झाला आणि जगभरच्या पोटऱ्यांच्या कपाळी आला.

आता मुद्द्याचं. मॅरेथॉनची तयारी म्हटलं की आपल्याला वाटतं, सगळा खेळ जिद्दीचा. घाम गाळा, आळस झटका, नो पेन नो गेन! पण पहिले तीन आठवडे कुणालाही जोशावर काढता येतात. त्या तीन आठवड्यांत मनाला वाटेल तेवढं धावलेले कितीतरी जण चौथ्या आठवड्यात नडगीला बर्फ लावत बसतात. फंडा साधा आहे. धावायला प्लॅन लागत नाही, तो लागतो वेळेवर थांबायला. आज किती धावायचं यापेक्षा आज किती नाही धावायचं, हे सांगणारा कागद म्हणजे ट्रेनिंग प्लॅन. आणि तो तुमच्या आठवड्याच्या मापाचा शिवलेला असावा लागतो, दुकानातला तयार शर्ट चालत नाही.

आधी स्वतःचं अप्रेझल

फॉर्म भरण्याआधी तीन प्रश्न, आणि उत्तरं एचआरला देतो तशी नाही, खरी द्यायची.

पहिला प्रश्न : गेले तीन महिने आठवड्यातून किमान तीनदा धावताय का, आणि आठ-दहा किलोमीटर न थांबता, न मरता होतात का? ‘हो’ असेल तर वीस आठवड्यांत फुल मॅरेथॉनची तयारी शक्य आहे. ‘नाही’ असेल तर यंदा हाफ, पुढच्या वर्षी फुल. यात कमीपणा काहीच नाही. २१ किलोमीटर हे काही गल्लीतलं अंतर नव्हे.

दुसरा प्रश्न तब्येतीचा. आपण तिशीच्या आतले, आपल्याला काय होणार, हा गैरसमज सोडा. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी आल्याचं दिसलं होतं. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, धावताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, किंवा बीपी-शुगर असेल तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय प्लॅनच्या पहिल्या ओळीला हात लावायचा नाही. मुलींनी हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये अ‍ॅनिमिया आढळला होता. रक्तात लोह कमी असेल तर धावताना येणारा थकवा आळसातून येत नाही. तो जिद्दीनं नाही, उपचारानं जातो.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड : पुढच्या पाच महिन्यांत आयुष्यात काय काय घडणार आहे? बहिणीचं लग्न, प्रोजेक्टचं गो-लाइव्ह, सीएची परीक्षा, नवं घर, ऑनसाइट? मोठं काही असेल तर ते आधी लिहा. मॅरेथॉन दर वर्षी येते, बहिणीचं लग्न नाही!

कॅलेंडर उलटं वाचा

प्लॅन नेहमी शेवटाकडून सुरू होतो. रेसच्या रविवारावर लाल गोल करा आणि एकेक आठवडा मागे या. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारपासून वीस आठवडे मागे गेलं की आपण पोचतो ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे? पावसाळा अजून सरलेला नाही आणि गणपती येतायत किंवा नुकतेच आलेत. पुढे पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी, मग लग्नसराई, ख्रिसमस, थर्टीफर्स्ट. अमेरिकेतल्या कोचने लिहिलेल्या प्लॅनमध्ये यातलं काहीही नसतं. तुमच्या प्लॅनमध्ये असायलाच हवं.

वीस आठवड्यांचे चार भाग पडतात. पहिला भाग पायाभरणीचा : हळू, नियमित, कंटाळवाणं धावणं. दुसरा अंतर वाढवण्याचा. तिसरा शिखराचा, म्हणजे सगळ्यात लांब रविवारांचा. आणि चौथा टेपरचा, म्हणजे अंतर कमी करत शरीराला ताजंतवानं करण्याचा. दर तीन आठवड्यांनी अंतर वाढलं की चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं. शरीर मजबूत होतं ते धावताना नाही, धावल्यानंतरच्या विश्रांतीत. चौथा आठवडा म्हणजे सुट्टी नव्हे, तो पगाराचा दिवस आहे.

गंमत अशी, की हे हलके आठवडे थोडे पुढेमागे सरकवून सणांवर बसवता येतात. गौरी-गणपतीला गावी जाणार? तो आठवडा हलका. दिवाळीत फराळ, पाहुणे आणि धुराची हवा? तोही हलका. पहाटे फटाक्यांच्या धुरात पंचवीस किलोमीटर धावणं हा शूरपणा नाही, फुप्फुसांवरचा अन्याय आहे.

चौकट : रविवारचा नकाशा

(अंतर किलोमीटरमध्ये. आपल्या सणावारांप्रमाणे हलके आठवडे पुढेमागे करा.)

आठवडा १ ते ४ : १२, १३, १४, ११ (हलका)
आठवडा ५ ते ८ : १६, १८, १९, १४ (हलका)
आठवडा ९ ते १२ : २१, २३, २५, १८ (हलका)
आठवडा १३ ते १६ : २७, २९, २१ (जमल्यास हाफ मॅरेथॉनची रेस), ३०
आठवडा १७ : ३२
आठवडा १८ आणि १९ : २०, १२ (टेपर)
आठवडा २० : ४२.१९५!

मधल्या दिवसांतले तीन रन सुरुवातीला मिळून १५ किलोमीटर, शिखरावर २२ किलोमीटरपर्यंत.

या सगळ्याची बेरीज करा. सरावाचे सातशेच्या आसपास किलोमीटर होतात. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाची लांबी आहे ७०१ किलोमीटर. म्हणजे स्टार्ट लाइनवर पोचेपर्यंत तुम्ही जवळजवळ अख्खा समृद्धी पायी संपवलेला असतो, तोही टोल न भरता!

आठवड्याचं बजेट

आता पैशांचं करतो तसं तासांचं बजेट. समजा, तुम्ही ठाण्यात राहता आणि ऑफिस बीकेसीत आहे. सव्वाआठला घर सोडायचं, कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षासाठी रांग, संध्याकाळी साडेसात-आठला परत. यात ‘रोज एक तास धावेन’ हा संकल्प नवीन वर्षाच्या डायरीइतकाच टिकतो. त्याऐवजी चार दिवस धरा.

मंगळवारी पहाटे उपवन तलावाच्या बाजूला सात किलोमीटर हळू. गुरुवारी दहा किलोमीटर, त्यात मधले पाच-सहा जरा रेटून. शनिवारी पाच किलोमीटर अगदी निवांत, पाय मोकळे करण्यापुरते. आणि रविवारी लाँग रन. शिखराच्या आठवड्यात, किलोमीटरला सात मिनिटं या वेगानं, हे सगळं मिळून सहा तासांच्या आसपास जातं. त्यात घरच्या घरी वीस-पंचवीस मिनिटांचे दोन व्यायाम : स्क्वॉट्स, लंजेस, प्लँक आणि एका पायावर उभं राहून टाच उचलणं. जिमची मेंबरशिप लागत नाही, पायरीची कड पुरते. बूट शोधणं, वॉर्मअप, आंघोळ धरून आठवड्याला आठ तास. आठवड्यात तास असतात १६८. तेव्हा प्रश्न वेळ आहे की नाही हा नाहीच. हे आठ तास कुणाचे कापून घेताय, हा आहे.

आणि उत्तर ‘झोपेचे’ असेल तर प्लॅन तिथेच फसला. पहाटे पाचला उठायचं तर रात्री दहाला फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. आठवड्याला साडेपाच तासांच्या झोपेवर पन्नास किलोमीटर धावण्यापेक्षा सात तासांच्या झोपेवर तीस किलोमीटर केव्हाही बरे. वेब सीरिजचे आणि रील्सचे तास कापा, ते परत मिळतात.

जागेचंही असंच. मरीन ड्राइव्ह साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, एक जाऊन-येऊन फेरी म्हणजे सात. दिवसाचा हिशेब सोपा. शिवाजी पार्कची एक फेरी किलोमीटरहून जरा जास्त, पाणी आणि माणसं दोन्ही हाताशी. बोरिवलीकरांना नॅशनल पार्क, नवी मुंबईत पाम बीच रोड, पुण्यात टेकड्या. चढ हवाय? ठाणेकरांना येऊरचा रस्ता आहेच. पावसाने रस्ता बुडाला तर ट्रेडमिल चालते, आणि टॉवरमध्ये राहणाऱ्यांना तर वीस मजल्यांचा जिना फुकट मिळालाय.

मुलींसाठी ही जागा-वेळेची गणितं वेगळी असतात, हे मान्य करायलाच हवं. ‘पहाटे साडेचारला निघा’ हा सल्ला देणं सोपं. अंधारे रस्ते, कुत्री आणि टवाळ बाइकवाले यांच्यात एकटीनं निघणं सोपं नाही. प्लॅनमध्ये याचीही जागा हवी. रविवारचा लाँग रन ग्रुपबरोबर, मधले रन सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर, बागेत किंवा ट्रेडमिलवर. त्यानं मॅरेथॉनच्या तयारीत तसूभरही उणं पडत नाही.

हळू धावायची लाज

नव्या धावपटूची सगळ्यात मोठी चूक काय? रोज मध्यम वेगानं धावणं. ना धड हळू, ना धड जोरात. प्रत्येक रन म्हणजे काल केला त्याचा रेकॉर्ड मोडण्याची स्पर्धा, कारण अ‍ॅपवर सगळे बघतायत!

इथे एका बूटवाल्याची गोष्ट सांगायला हवी. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करायचा. एका मित्राबरोबर पाच मैल धावताना दमछाक झाली, म्हणून त्याने स्वतःवरच प्रयोग सुरू केले. किती धावलं की बरं वाटतं, किती धावलं की मोडतो, हे वर्षानुवर्षं तपासलं. निष्कर्ष : आधी भरपूर, आरामशीर अंतराचा पाया घाला, वेग मागाहून. त्याच्या हाताखालची मुलं ऑकलंडजवळच्या डोंगराळ रस्त्यावर २२ मैलांची फेरी मारायची. त्यात पीटर स्नेल हा ८०० मीटरवालाही होता! १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलला ८०० मीटरचं आणि मरे हालबर्गला ५,००० मीटरचं सुवर्ण मिळालं, तेही एकाच दिवशी. पुढे याच लिडियार्डने साध्या, पोट सुटलेल्या माणसांनाही हळूहळू धावायला लावलं, आणि ‘जॉगिंग’ची लाट तिथून अमेरिकेत पोचली.

अलीकडे स्टीफन सायलर या संशोधकानं वेगवेगळ्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हाही हेच दिसलं. दहापैकी साधारण आठ सत्रं हळू, दोनच जोरात. जगातले सगळ्यात वेगवान लोक बहुतेक दिवस स्वतःच्या मानाने हळूच धावतात. मग आपल्याला कसली लाज?

‘हळू’ म्हणजे किती? त्यासाठी महागडं घड्याळ नको. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ‘काल बॉसनं मीटिंगमध्ये काय सांगितलं माहितीय का’ इतकं एका दमात म्हणता आलं तर वेग बरोबर. ‘काल... बॉसनं...’ इथेच धाप लागली तर वेग कमी करा. उकाड्यात, दमट हवेत हाच वेग आणखी खाली येतो. ऑक्टोबर हीटमध्ये घड्याळाकडे न बघता श्वासाकडे बघा.

रविवारचं कोडं

लाँग रन किती लांब असावा, यावर मात्र गुरुजनांत एकमत नाही. हॅल हिगडनच्या नवशिक्यांसाठीच्या प्रसिद्ध १८ आठवड्यांच्या प्लॅनमध्ये सगळ्यात लांब रन २० मैलांचा, म्हणजे ३२ किलोमीटरचा आहे. दुसरीकडे जॅक डॅनियल्स (हसू नका, हे खरोखरच एका अमेरिकन कोचचं नाव, आणि त्यांच्या नावावर मॉडर्न पेंटॅथलॉनमधली ऑलिंपिक पदकंही आहेत!) यांचं म्हणणं, लाँग रन अडीच तासांच्या पुढे नेऊ नका.

आता किलोमीटरला साडेपाच मिनिटांनी धावणाऱ्याचे ३२ किलोमीटर तीन तासांच्या आत संपतात. आठ मिनिटांनी धावणाऱ्याला त्याच ३२ किलोमीटरला सव्वाचार तास लागतात. कागदावरचा आकडा तोच, पण पायांवरचा मार वेगळा. म्हणून मधला मार्ग : ३२ किलोमीटर किंवा साडेतीन तास, जे आधी होईल तिथे घरी चला. तुमचा वेग कमी असेल तर उरलेलं अंतर शनिवार-रविवारमध्ये वाटून घ्या. आणि घाबरू नका, सरावात ४२ कुणीच धावायचे नसतात. ते त्या दिवशीसाठी राखून ठेवायचे.

अंतर वाढवताना ‘आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त नाही’ हा नियम प्रत्येक जण ऐकवतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे तपासून पाहिलं. नवशिक्यांचा एक गट दहा टक्क्यांच्या नियमानं वाढला, दुसरा जरा भरभर. दोन्ही गटांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, पाचातल्या एकाला! म्हणजे टक्केवारी पाळली म्हणून विमा उतरला असं नाही. शरीराचं ऐकणं हाच खरा विमा.

ऐकायचं कसं? धावून झाल्यावर दोन्ही पाय सारखे दुखतायत, सकाळी उठल्यावर कमी होतंय, तर ते कष्टाचं दुखणं. एकाच पायाला, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखतंय, विशेषतः हाडावर. किंवा दुखण्यानं चाल बदलतेय, तर तो धोक्याचा इशारा. त्या दिवशी रिक्षा करा आणि डॉक्टर किंवा फिजिओ गाठा. स्ट्रेस फ्रॅक्चर होऊन सहा-आठ आठवडे घरी बसण्यापेक्षा चार दिवसांची विश्रांती स्वस्त पडते.

पोट आणि पाणी

शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंचं पेट्रोल, बहुतेकांना तिसाव्या किलोमीटरच्या आसपासपर्यंत पुरतं. मग एकदम पाय दगडाचे होतात. धावपटू याला ‘भिंत’ म्हणतात. ती टाळायची तर दीड तासाहून लांब रनमध्ये दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात ती साधारण २५ ग्रॅम असतात. जेल, केळं, खजूर, चिक्की, लिंबू-साखर-मिठाचं पाणी... तुमच्या पोटाला जे झेपतं ते. पण ते रविवारी सरावात ठरवायचं, रेसच्या दिवशी नवीन काही तोंडात टाकायचं नाही. आदल्या रात्री वरणभात उत्तम. मित्राच्या हळदीतलं मटण नंतर.

पाण्याबद्दल एक गैरसमज दूर करू. जास्त पाणी म्हणजे जास्त सुरक्षित, असं नाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम धोकादायक पातळीकडे खाली गेलेलं होतं, आणि त्यात धावताना वजन वाढलेले, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायलेले, बरेच होते. सोपी परीक्षा : लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. एक-दीड किलो उतरलं तर ठीक. दोन-तीन किलो उतरलं तर पाणी कमी पडतंय. वाढलं असेल तर जास्त होतंय. तहान लागेल तसं प्या, सोबत मीठ असू द्या.

प्लॅन मोडतो तेव्हा

मोडणारच! क्वार्टर-एंडला बॉस रात्री अकरापर्यंत थांबवणार, मलेरिया-डेंग्यूची साथ सोसायटीत येणार, घरी कुणी आजारी पडणार. त्यासाठी नियम आधीच लिहून ठेवा, म्हणजे त्या वेळी मनाशी भांडण नको.

एखादा रन बुडाला? विसरा. दुसऱ्या दिवशी दुप्पट धावून वसुली करायची नाही. एक आठवडा गेला? जिथे होतात तिथून पुढे, पण रविवारचं अंतर आधीच्याच आठवड्याचं. दोन आठवडे गेले? दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा चढा. तीन-चार आठवडे गेले, तेही दुसऱ्या निम्म्यात? मग उद्दिष्ट बदला : वेळेचं लक्ष्य सोडा, किंवा फुलचा नाद सोडून पुढची एखादी हाफ शोधा. अंगात ताप असताना तर धावायचंच नाही, कारण त्याचा फटका हृदयाच्या स्नायूंना बसू शकतो. डेंग्यूनंतर डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत बूट कपाटात.

उद्दिष्ट बदलणं म्हणजे हार नव्हे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२, १३ आणि १४ अशी लागोपाठ तीन वर्षं पहिली आली. मग तिनं चक्क अंतरच बदललं, ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६मध्ये रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. जिंकणाऱ्यांनाही प्लॅन फाडून नवा लिहिता यावा लागतो.

आणि घरच्यांचं काय? ‘एवढं धावून मिळतं काय रे तुला?’ हा आईचा प्रश्न ठरलेला. पण त्या प्रश्नाआड तक्रार वेगळीच असते : रविवारी सकाळी तू घरात नसतोस, दुपारी झोपतोस, संध्याकाळी चिडचिड करतोस. नवरा-बायकोत तर हे जास्तच. म्हणून प्लॅनचा कागद घरात दाखवा, लांब रविवारांच्या तारखा आधी सांगा आणि हलक्या आठवड्यातला रविवार घरच्यांच्या नावावर लिहून टाका. तो मोडायचा नाही, अगदी पाय शिवशिवले तरी!

शेवटचे तीन आठवडे

बत्तीसचा रन झाला की मुख्य अभ्यास संपला. पुढच्या तीन आठवड्यांत तुम्ही फिटनेस वाढवू शकत नाही, बिघडवू मात्र सहज शकता. अंतर आधी तीन-चतुर्थांशावर, मग निम्म्यावर आणा. थोडे वेगवान तुकडे राहू द्या, पण थकवणारं काही नको. थर्टीफर्स्टची पार्टी याच काळात येते, तेव्हा हिशेबात राहा.

वेळेचं लक्ष्य ठरवायचं तर डिसेंबरातली हाफ मॅरेथॉन कामाला येते. पीटर रिगेलच्या जुन्या सूत्राप्रमाणे हाफच्या वेळेला २.०८५ने गुणायचं. सव्वादोन तासांची हाफ असेल तर फुल साधारण ४ तास ४१ मिनिटं. पण आठवड्याला चाळीस-पन्नास किलोमीटर धावणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हा आकडा बऱ्याचदा आशावादी ठरतो. वर दहा-पंधरा मिनिटं धरा आणि पहिले दहा किलोमीटर त्याहूनही हळू जा. मुंबईच्या मार्गावर बरीच वर्षं खरी परीक्षा पाहिली ती परतीच्या वाटेवरच्या पेडर रोडच्या चढाने, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, डोक्यावर ऊन आलेलं असताना. मार्गात बदल होत असतात, तेव्हा आपल्या वर्षीचा नकाशा आणि नियम नीट वाचा. सरावातले दोन-तीन रविवार मुद्दाम उशिरा निघून उन्हात संपवा, चढाच्या रस्त्यावर संपवा. त्या दिवशी ऊन ओळखीचं वाटेल.

एवढं सगळं वाचून दडपण आलं असेल, तर थांबा. आज धावायला जायचंच नाहीये. आज फक्त कॅलेंडर उघडायचं. रेसच्या दिवशी लाल गोल करायचा. मग सण, लग्नं, डेडलाइन्स आणि घरच्यांचे वाढदिवस लिहायचे. उरलेल्या जागेत धावणं बसवायचं. आणि सगळ्यात आधी, ठळक अक्षरांत, विश्रांतीचे दिवस!

मग, कोणत्या रविवारपासून?